वेबसाइट आहे, तरी गिऱ्हाईक फोनच करतं?

छोट्या धंद्याची वेबसाइट बऱ्याचदा कुणीतरी ‘आजकाल लागते’ म्हणालं म्हणून होते. पुतण्या किंवा ओळखीतला मुलगा ती करून देतो. वर लोगो, खाली आपोआप सरकणारे फोटो, ‘आमच्याविषयी’मध्ये तीन परिच्छेद. नंतर वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, भाव फोनवर सांगावा लागतो आणि डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे भरायची वेळ आली की घरात चर्चा होते, हा खर्च हवाय कशाला?

अशा साइटला नवं डिझाइन लागतं असं मला क्वचितच वाटतं. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं त्याचं उत्तर तिथे नसतं, हे खरं दुखणं. ते कसं काढायचं हे एका धंद्याच्या उदाहरणाने सांगतो. समजा, देवगड-रत्नागिरीकडचं एक कुटुंब आहे. मार्च ते मे हापूसच्या पेट्या, बाकीचे दिवस आमसूल, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकचं. तुमचं दुकान साड्यांचं असो की पितळी भांड्यांचं, पायऱ्या याच क्रमाने घ्या.

पायरी १: साइट नक्की कुणाच्या नावावर आहे?

रंग आणि फोटोंच्या आधी हे बघा. डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलंय? होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या जागेचा, पासवर्ड कुणाकडे आहे? गूगलवरची दुकानाची नोंद कुणाच्या खात्यातून केली? या तिन्हींचं उत्तर ‘त्या मुलाकडे’ असेल, तर तो नोकरीला बेंगळुरूला जाण्याआधी सगळं स्वतःच्या ईमेलवर आणून घ्या. डोमेनची मुदत संपल्याचं पत्र भलत्याच्या ईमेलवर गेलं, तर ऐन एप्रिलात साइट बंद पडते आणि का बंद पडली हे कळायलाही दोन दिवस जातात. मुदत संपायची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्याच बैठकीत पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ (https) आहे ना तेही बघा. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ते नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो. तो वाचून कोण पैसे भरणार? त्यासाठी लागणारं ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटनावर बसवून देतात. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर आधी कारण विचारा.

पायरी २: प्रश्नांची वही

एक साधी वही घ्या आणि आठवडाभर फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. आंबेवाल्याच्या वहीत साधारण हे दिसेल: डझनाला काय भाव? पोहोच धरून की वेगळी? डोंबिवलीला देता का? आंबा तयार येतो की कच्चा? कार्बाइडने तर पिकवला नाही ना? साका (आतला पांढरट, आंबूस भाग) निघाला तर? रविवारी मिळेल का, सोमवारी पूजा आहे. एका पेटीत तीन डझन घेऊन बाकीचे नंतर चालतील का?

हीच तुमच्या साइटची अनुक्रमणिका. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला त्याचं उत्तर मुख्य पानावर, पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता दिसलं पाहिजे. हापूसच्या हंगामात तिथे चार गोष्टी पुरतात: आजचा भाव, कुठे कुठे पोचतं, आज ऑर्डर दिली तर कधी मिळेल, आणि फोन नंबर. नंबर असा टाका की बोट लावताच फोन लागेल. तो चित्रात लिहिलेला असेल तर गिऱ्हाइकाला कागदावर उतरवून घ्यावा लागतो, आणि तेवढे कष्ट कुणी घेत नाही.

भाव लपवू नका. ‘भावासाठी संपर्क करा’ लिहिणाऱ्यांचं म्हणणं असतं की भाव रोज बदलतो, किंवा शेजारचा बघेल. शेजाऱ्याला तो तसाही माहीत असतो. भाव रोज बदलत असेल तर शेजारी तारीख टाका. ‘१२ एप्रिलचा भाव’ असं दिसलं की साइट जागी आहे, कुणीतरी रोज बघतंय, हे न सांगता कळतं.

पायरी ३: एका मालाला एक पान

सगळा माल एका लांबलचक पानावर ओतू नका आणि भावपत्रकाची पीडीएफ तर मुळीच लावू नका. हापूसचं पान वेगळं, आमसुलाचं वेगळं. बहुतेक साइटवरचं मालाचं वर्णन असं असतं:

‘आमचे आंबे उत्कृष्ट दर्जाचे, नैसर्गिक व चविष्ट असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे.’

यातून गिऱ्हाइकाला काय कळलं? काहीच नाही. हेच वाक्य भांड्यांच्या दुकानालाही चालेल. आता वही समोर ठेवून लिहा:

‘हापूस, पाच डझनाची पेटी. एक फळ २०० ते २५० ग्रॅमचं. आंबा झाडावरून काढून पेंढ्यात घालून पाठवतो, त्यामुळे तुमच्याकडे हिरवट येईल. तयार व्हायला ६ ते ८ दिवस लागतात. तोवर फ्रिजमध्ये ठेवू नका, पेटी उघडून फळं पेंढ्यावर सुटी मांडा आणि रोज एकदा चाळवा. कार्बाइड वापरत नाही. सोमवारच्या पूजेला हवे असतील तर पेटी आठ दिवस आधी पोचेल अशी मागवा.’

यात एकही विशेषण चढवलेलं नाही आणि निम्मे फोन वाचले. ‘कच्चे आंबे पाठवले’ म्हणून येणारी तक्रारही इथेच मिटते. कार्बाइडने फळं पिकवण्यावर आपल्या अन्नसुरक्षा नियमांत बंदीच आहे, तेव्हा ‘वापरत नाही’ यात बढाई काही नाही. पण लोक विचारतात, म्हणून लिहायचं.

फोटो स्वतःच्या बागेतले काढा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा नेमका हापूस नसतो आणि कोकणातल्या माणसाला ते पहिल्या नजरेत कळतं. उघडलेली पेटी वरून, एक फळ तळहातावर, एक कापलेलं, एवढे तीन फोटो पुरे. तळहातावरच्या फोटोने आकाराचा प्रश्न सुटतो. सकाळच्या उजेडात, ओटीवर, फ्लॅश न लावता काढा. आमसुलाचा फोटो हमखास काळा येतो, ते पांढऱ्या थाळीत पसरून काढा.

भौगोलिक मानांकनाचं (जीआय, म्हणजे माल त्या भागाचाच असल्याची सरकारी ओळख) जपून लिहा. हापूसला ते २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी मिळालं. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला त्याआधी मिळालंय. पण जिल्ह्यात बाग आहे एवढ्यावर चिन्ह लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करावी लागते. नोंद केली असेल तर तिचा क्रमांक पानावर ठळक द्या. नसेल तर आधी ती करा, चिन्ह नंतर.

जाता जाता मराठी टंकांबद्दल एक. जुनं पत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असेल, तर ते जसंच्या तसं साइटवर चिकटवलं की अक्षरांचा चिवडा होतो. तो टाळायला बरेच जण मजकुराचं चित्र करून टाकतात. दिसतं बरं, पण शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, पुन्हा टाइप करा. फोनवर बोलूनही आता मराठी चांगली टाइप होते.

पायरी ४: साइट फोनवर उघडून बघा, तीही वायफाय बंद करून

तुम्ही साइट दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघता. गिऱ्हाईक ती लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने बघतं. गूगलची कसोटी अशी की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. गूगलच्याच ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या पानावर आपला पत्ता टाकला की वेग फुकटात कळतो.

साइट हळू असण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा फोटोच असतात. फोनने काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा. असे दहा पानावर चढवले की रेंज नसलेल्या माणसाच्या हाती फक्त गोल फिरणारं चक्र येतं. ‘स्क्वूश’ नावाच्या फुकट साधनात फोटो टाका, रुंदी बाराशे पिक्सेलवर आणा, ‘वेबपी’ प्रकारात साठवा. दोनशे केबीच्या आत बसतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. ते आपोआप सरकणारे फोटो मात्र काढूनच टाका. मालकाला ते आवडतात. दुसरा फोटो येईपर्यंत गिऱ्हाईक कधीच खाली सरकलेलं असतं.

पायरी ५: पैसे देताना माणूस कुठे अडतो?

ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या संस्थेच्या आकड्यांनुसार टोपलीत माल टाकलेले सुमारे ७० टक्के लोक पैसे न देताच निघून जातात. त्यातले बरेच नुसते बघायला आलेले असतात. पण घ्यायचं ठरवूनही जे गेले, त्यांनी सर्वांत जास्त सांगितलेलं कारण म्हणजे शेवटच्या पानावर वाढलेला खर्च. म्हणून पोहोचेचा खर्च मालाच्या पानावरच सांगा. जमलं तर पिनकोड टाकायची छोटी चौकट तिथेच ठेवा: ‘४११०३८, पोहोच मोफत, गुरुवारी मिळेल.’ एवढंही झेपत नसेल तर साधा तक्ता द्या, मुंबई-ठाणे इतके, पुणे इतके, नाशिक इतके. आणि जिथे पाठवत नाही तेही लिहा.

पुष्कळ छोट्या साइटवर पैसे देण्यासाठी क्यूआरचं चित्र लावलेलं असतं. विचार करा, गिऱ्हाईक साइट बघतंय ज्या फोनवर, त्याच फोनने ते चित्र स्कॅन कसं करणार? मग ते स्क्रीनशॉट काढतं, अ‍ॅप उघडतं, गॅलरीत शोधतं, रक्कम हाताने टाकतं, परत येऊन तुम्हाला पावतीचा फोटो पाठवतं. इतक्या वेळा दार उघडझाप केली की निम्मे गळतात. रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांच्यासारखा पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे घेऊन देणारी सेवा) घेतला की बटन दाबताच यूपीआयचं अ‍ॅप रक्कम भरूनच उघडतं. त्याचं कमिशन साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि वर जीएसटी असतं. करार करताना यूपीआयचा दर वेगळा विचारून घ्या, कारण जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर (प्रत्येक व्यवहारावर बँकेकडून कापलं जाणारं शुल्क) घेतला जात नाही. कंपन्या मात्र स्वतःची सेवा-फी लावू शकतात.

गेटवे येईपर्यंत क्यूआरवर काम चालवत असाल तर एक नियम पक्का करा: स्क्रीनशॉट ही पावती नाही. बँकेत पैसे आलेले स्वतः बघितल्याशिवाय पेटी गाडीत चढवू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप्स सर्रास फिरतात.

आता पत्त्याचा अर्ज. खातं उघडायला, पासवर्ड ठेवायला लावू नका. वर्षातून दोन पेट्या घेणाऱ्या काकूंना तुमच्या साइटचा पासवर्ड कशाला? नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड आणि ‘जवळची खूण’ एवढं पुरतं. खुणेची चौकट हवीच. आपल्याकडे पत्ता ‘राम मंदिराच्या मागे, दूध डेअरीच्या वर’ असाच पोचतो. पिनकोड आणि मोबाइलच्या चौकटीत बोट ठेवल्यावर आकड्यांचा कीबोर्ड यायला हवा, एबीसीडीचा नको. हे काम करणाऱ्याला सांगितलं तर पाच मिनिटांचं आहे. आणि नाव देवनागरीत टाकून बघा. काही अर्ज ‘नाव चुकीचे आहे’ म्हणून ते परत करतात. मराठी माणसाच्या मराठी साइटवर मराठी नाव चुकीचं ठरावं, याहून वाईट स्वागत नाही.

घरपोच रोखीचा प्रश्न येतोच. माझा सल्ला: मसाला, आमसूल, पोळ्यांना रोख चालू द्या, आंब्याला नको. न स्वीकारलेली मसाल्याची पुडी परत आली तर विकता येते. परत फिरलेली आंब्याची पेटी उन्हातून चार दिवसांनी आली की तिचा काहीच उपयोग नसतो.

सगळं झालं की घरातल्या अशा माणसाला फोन द्या ज्याने ही साइट कधी बघितलेली नाही. आत्या, सासरे, शेजारच्या वहिनी, कुणीही. ‘दोन पाव किलो आमसुलं मागव’ एवढंच सांगा आणि शेजारी गप्प बसा. बोट कुठे थांबतं, भुवया कुठे वर जातात, ते लिहून घ्या. मध्ये ‘अगं, तिथे दाब ना’ असं तोंडातून निघालं, तर चूक आत्याची नव्हे, साइटची.

पायरी ६: माल खराब निघाला तर

परत-बदलीचे नियम लोक दुसऱ्या साइटवरून उचलतात, तेही बहुधा कपड्यांच्या. मग आंब्याच्या साइटवर लिहिलेलं सापडतं: ‘माल मिळाल्यापासून ४८ तासांत तक्रार करावी.’ हापूसचा साका वरून दिसत नाही. फळ तयार होऊन कापल्यावरच आतला पांढरट, आंबूस भाग कळतो. म्हणजे ४८ तासांत तक्रार करणं गिऱ्हाइकाला शक्यच नाही, आणि ते हे ओळखतं. नियम मालाच्या स्वभावाप्रमाणे हवा:

‘पेटी फुटलेली किंवा फळं दबलेली आली तर त्याच दिवशी फोटो पाठवा. साका निघाला तर पेटी मिळाल्यापासून १२ दिवसांत कापलेल्या फळाचा फोटो पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे यूपीआयने परत करू. फळ परत पाठवायची गरज नाही.’

यात चार-दोन जण गैरफायदा घेतील. घेऊ देत. सरळ गिऱ्हाईक या एका परिच्छेदामुळे पेटी मागवतं.

कायद्याचंही थोडं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. घरच्या धंद्यात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी अट आहे. बंद पुडीतल्या मालावर जसं निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता छापतो, तसंच ते साइटवरही दिसायला हवं. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही. जीएसटीचं मात्र तुमच्या सीएला विचारा. राज्याबाहेर माल पाठवला की हिशेब बदलतो.

‘फक्त २ पेट्या शिल्लक!’ अशी खोटी घाई दाखवू नका. न मागितलेली वस्तू टोपलीत घालणं, शेवटी छुपा खर्च वाढवणं, खोटी घाई करणं, अशा १३ प्रकारांना २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अनुचित ठरवलं आहे. खरोखरच दोन पेट्या उरल्या असतील तर जरूर लिहा.

पायरी ७: गूगलवर सापडायचं कसं

दुकानाची ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ फुकट आहे. ती आधी भरा: वेळ, सुट्टी, फोन, बागेचे खरे फोटो, साइटचा पत्ता. गिऱ्हाइकाला अभिप्राय मागायचा तो पेटी पोचल्यावर लगेच नको, आंबे खाऊन झाल्यावर मागा. वाईट अभिप्राय आला तर दोन ओळींत शांतपणे उत्तर द्या, काय केलं ते सांगा. उत्तर वाचणारा तो जुना गिऱ्हाईक नसतो, पुढचा असतो. विकतच्या अभिप्रायांच्या वाटेला जाऊ नका, पाच-पाच तारे आणि ‘नाइस प्रॉडक्ट’ एवढंच लिहिलेलं लोक आता ओळखतात.

साइटच्या प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्या. ‘होम’ किंवा ‘प्रॉडक्ट १’ नको. ‘देवगड हापूस ५ डझन पेटी, पुणे-मुंबई घरपोच’ असं हवं. लोक मराठीत शोधतात, इंग्रजीत शोधतात आणि इंग्रजी अक्षरांत मराठीही शोधतात. तिन्हींसाठी शब्द ठासून भरायची गरज नाही. मराठी मजकुराखाली चार वाक्यं इंग्रजीत असली आणि त्यात आमसूल, कोकम ही नावं रोमन लिपीतही आली की पुरे.

पायरी ८: जूनमध्ये हापूसचं पान काढू नका

हंगाम संपला की बरेच जण आंब्याचं पान उडवतात आणि मार्चमध्ये नवं करतात. हे टाळा. गूगलला त्या पानाची ओळख व्हायला महिने लागलेले असतात, लोकांनी त्याचा दुवा घरच्या ग्रुपांवर पाठवलेला असतो. पत्ता तोच राहू द्या, त्यात वर्ष घालू नका. वर फक्त लिहा: ‘यंदाचा हंगाम संपला. पुढच्या पेट्या मार्चअखेर. आधी कळवायला हवं असेल तर नंबर द्या.’ खाली आंबापोळी आणि आमसुलाचे दुवे. पावसाळ्यातही रोज दोन-चार माणसं त्या पानावर येतात, त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

जुनं गिऱ्हाईक टिकवायला अ‍ॅप नको, पॉइंट नकोत. कुणी काय घेतलं आणि कधी, याची यादी हवी. मार्चमध्ये त्याला असा निरोप जाऊ दे: ‘नमस्कार काका, गेल्या वर्षी तुम्ही अक्षय्य तृतीयेला दोन पेट्या घेतल्या होत्या. यंदा पहिला आंबा २५ मार्चला निघतोय. तेवढ्याच ठेवू का?’ यादी मात्र विचारून करा. ऑर्डरच्या अर्जात ‘हंगामाची खबर व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल’ अशी चौकट ठेवा, ती आधीच टिक केलेली नको. आणि सुप्रभातची फुलं पाठवू नका. तिसऱ्या फुलाला नंबर ब्लॉक होतो.

पायरी ९: आठवड्याला अर्धा तास

‘गूगल सर्च कन्सोल’ फुकट आहे. लोक काय शोधून तुमच्या साइटपर्यंत आले, किती जणांना ती दिसली आणि किती आत आले, हे त्यात कळतं. एकूण किती जण आले या आकड्यात रमू नका. तीन गोष्टी बघा: कुठल्या शब्दाला साइट दिसते पण कुणी आत येत नाही (तिथे शीर्षक बदला), पानावर आलेल्यांपैकी किती जणांनी ऑर्डर दिली, आणि वहीतले प्रश्न कमी झाले का. महिन्यातून एकदा स्वतःच शंभर रुपयांची ऑर्डर देऊन बघा, पैसे जातात का, मेसेज येतो का.

शोधलेल्या शब्दांच्या यादीत कधीकधी भलतंच सापडतं. कुळथाच्या पिठाचं पान बघायला आलेले लोक ‘कुळथाची पिठी कशी करायची’ असं शोधत असतात. त्यांना पीठ नव्हे, कृती हवी असते. मग घरातल्या आजींना विचारून ती कृती त्याच पानावर लिहा, लसूण किती, आमसुलं किती, गुठळ्या होऊ नयेत म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवायचं वगैरे, आणि खाली पिठाच्या पुडीचं बटन ठेवा.